पांघरणारं कोणीतरी

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. लहानपणी गावी असताना आजी, चुलत्या आणि आम्ही पोरी गोधड्यांची गाठोडी बैलगाडीत टाकून मुळा नदीवर जायचो. कोरडी असताना एका हातानं ओढता येणारी गोधडी पाण्यात बुडाली की दोघींना आवरत नाही. खडकावर पसरून पायांनी तुडवायची, मग दोन टोकं दोघींनी धरून एकमेकींच्या उलट पीळ द्यायचा. पाणी ओघळायचं ते आधी मातकट, मग राखाडी, मग नितळ. दिवसभर वाळवंटात गोधड्या पसरलेल्या असायच्या आणि कोणती कोणाच्या घरची हे लांबूनही ओळखू यायचं.

आता मी नगरला सावेडीत राहते. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे, बोलण्यात अजून नगरच येतं. नदी गेली, गच्ची आली, पण घटाआधीचं धुणं चुकलेलं नाही. यंदा कठड्यावर वाळत घातलेल्या आईच्या गोधडीकडे मी बराच वेळ पाहत उभी राहिले. रोजच्या वापरात तिचा रंगही लक्षात येत नाही. उन्हात ती आडवी पसरली तेव्हा तुकडा न् तुकडा वेगळा दिसायला लागला. मधोमध आजीच्या हिरव्या लुगड्याचा मोठा चौकोन, त्याच्या एका बाजूला बाबांच्या खाकी शर्टाची पाठ, खाली माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टच्या दोन पट्ट्या. एका कोपऱ्यात जांभळ्या फुलांचं चीट आहे. ते कोणाचं, असं मी विचारलं तर आई म्हणाली, "तुझ्या थोरल्या मावशीच्या झंपराचं. तिच्या लग्नातलं." आणि कपडे झटकायला निघून गेली.

सबंध गोधडी आईला अशी वाचता येते. खाली अस्तराला आजोबांची दोन धोतरं आहेत, ती दिसतही नाहीत. पण आईच्या हिशेबात ती आहेतच. माझ्या मुलीला ही गोधडी फक्त मऊ वाटते. थंडीत तीच हवी असते तिला, विकतचं ब्लँकेट नको. पणजोबांच्या धोतराची ऊब अंगावर घेऊन ती झोपते आणि तिला त्याचा पत्ता नाही. मला यात काही बिघडलंय असं वाटत नाही. बरंच काही आपल्यापर्यंत असंच, न सांगता पोचलेलं असतं.

आमच्या गावी गोधड्या शिवून देणाऱ्या एक म्हातारबाई होत्या. त्यांच्याकडे कपड्यांचं गाठोडं घेऊन गेलं की त्या ते लगेच सोडत नसत. आधी विचारत, "कोण पांघरणार?" तान्ह्या लेकरासाठी असेल तर वरचा थर वापरून वापरून विरलेल्या लुगड्याचा, आणि टाके जवळजवळ. म्हाताऱ्या माणसासाठी असेल तर जाड पण वजनाला हलकी, कारण कुशीवर वळताना ओझं होता कामा नये. लेक सासरी निघाली असेल तर लांबीरुंदीला मोठी. उत्तर मिळालं की मग गाठोडं सुटायचं. त्या एकेक कपडा उजेडात धरून पाहत. जिथे फाटण्याच्या बेतात आलाय तो भाग बाजूला. शर्टाची कॉलर, गुंडीची पट्टी, जाड शिवण सगळं उसवून काढायचं, नाहीतर झोपेत अंगाला टोचतं. मग जमिनीवर लुगडं अंथरून, कोपऱ्यांवर दगड ठेवून, एकेक थर हाताने सारखा करायचा. सुरकुती राहिली तर आत कायमची राहते. शिवायला कडेपासून सुरुवात करून आत आत यायचं, चौकोनात चौकोन. त्या स्वतः गोधडीवरच बसून शिवत आणि काम पुढे सरकेल तशा बसल्या जागी सरकत. सुई वरून खाली गेली की खालचा हात ती अंदाजाने पकडतो. त्या हाताच्या बोटांची टोकं सुईने खडबडीत झालेली असत. टाका सगळ्या थरांतून गेला की नाही, हे त्यांना न पाहता कळायचं.

त्यांचा तो पहिला प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. जुने कपडे प्रत्येकाच्या घरी असतात. ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून असतात, मधूनमधून काढून हुंगायचे आणि परत घडी करून ठेवायचे. आठवणींचंही आपण हेच करतो. त्या आपल्या असतात, प्रिय असतात, डोळ्यांत पाणी आणतात. पण तेवढ्याने त्यांचं काही होत नाही. त्यातून काही घडायचं तर पलीकडे कोणीतरी लागतं, ज्याच्या अंगावर ते घालायचं आहे. ते माणूस ठरलं की काय ठेवायचं, काय उसवायचं, कुठे टाका जवळ घ्यायचा हे आपोआप ठरत जातं.

हे मला पहिल्यांदा जाणवलं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. आमच्या भागाला या पुस्तकाबद्दल जरा जास्तच आपलेपणा आहे, कारण त्यातला मोठा भाग नगर आणि राहुरीत घडतो. लक्ष्मीबाई मूळच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोखल्यांच्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या बाईचं सगळं जग एका दिवसात दुभंगलं. काही वर्षं दोघांची ताटातूट. मग त्या मुलाला घेऊन टिळकांकडे आल्या, नगरला राहिल्या. आल्यावरही आधी आपलं सोवळंओवळं सांभाळत वेगळ्या राहिल्या. मग आतूनच काहीतरी हललं आणि १९०० साली त्यांनीही धर्मांतर केलं. टिळक नगरला धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत. घर माणसांनी भरलेलं. बालकवी ठोमरे ऐन तारुण्यात याच घरात येऊन राहिले होते. नगरला प्लेग आला तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या.

शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई. नवऱ्याने अक्षरओळख करून दिली तेवढीच. १९१९ साली टिळक गेले. त्यांच्या आठवणी आईने लिहून काढाव्यात असा मुलाचा, देवदत्तांचा, आग्रह पडला आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने यायला लागली. १९३६ मध्ये त्याही गेल्या. आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, अंगणात बसून कोणाशी तरी बोलावं तसं हे पुस्तक त्यांनी लिहिलं. ते वाचताना आपण पुस्तक वाचतोय हे विसरायला होतं. बाई समोर बसून सांगताहेत, मध्येच हसताहेत, आपल्या चेहऱ्याकडे बघताहेत असं वाटत राहतं.

त्यांचे वडील सोवळ्याने पछाडलेले होते. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मीठ आणि साखरसुद्धा. या वेडामागे एक भयंकर दुःख होतं. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांचे सासरे फासावर गेले होते आणि तो धक्का त्यांच्या मनातून निघाला नाही. दुसरा एखादा लेखक या दुःखापाशीच थांबला असता. लक्ष्मीबाई आधी आपल्याला त्या घरातली मुलं दाखवतात, त्यांची भूक, त्यांची भीती, त्यांच्या लपूनछपून केलेल्या खोड्या. आपण खळखळून हसतो आणि हसता हसता मध्येच घशात काहीतरी अडकतं. वडिलांवर त्या कुठेही डूख धरत नाहीत. नवऱ्यावरही नाही. आणि नवरा कसा? न सांगता घरातून निघून जाणारा, हातात असेल ते दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, क्षणात संतापणारा आणि क्षणात विरघळणारा. त्यांनी त्याची आरती ओवाळली नाही आणि त्याला पिंजऱ्यातही उभं केलं नाही. जो माणूस होता तो होता तसा मुलासमोर ठेवला. मला वाटतं, हे मुलासाठी होतं म्हणूनच असं झालं. मुलासमोर बापाची खोटी मूर्ती उभी करावीशी वाटत नाही, आणि बापाबद्दलचं विषही त्याच्या ताटात वाढावंसं वाटत नाही. टोचणाऱ्या शिवणी त्यांनी उसवल्या, पण कापड बदललं नाही.

आठवणींवरचं बरंच लेखन मला वाचवत नाही, ते याच कारणाने. ‘आमच्या वेळी’ असं म्हणून सुस्कारा टाकला की झालं, असं त्यात वाटतं. विहीर, चिंच, आजीच्या हातची भाकरी, सगळं गोड, सगळं धूसर. त्यात पलीकडे कोणी नसतंच. लिहिणारा स्वतःलाच गोंजारत बसलेला असतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात भाकरी आहे तशी ती नसलेले दिवसही आहेत, आणि दोन्ही एकाच आवाजात सांगितलेले आहेत.

नगर शहरात आणखी एक जागा आहे जिथे माणसं आपापल्या आठवणींना घेऊन बसली होती. भुईकोट किल्ला. लष्कराच्या ताब्यातला हा किल्ला आम्ही शाळेत असताना सहलीला पाहिला होता, तेव्हा लक्षात राहिला तो खंदक. नंतर कळत गेलं की १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पकडलेली काँग्रेसची कार्यकारिणी इथे आणून ठेवली होती. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे बारा जण. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हिंदुस्थानच्या हजारो वर्षांच्या त्या पुस्तकात सुरुवातीलाच एक प्रकरण आहे ते कमला नेहरूंच्या आजारपणाचं आणि मृत्यूचं. लोझानच्या दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दिवसांपासून नेहरूंना थेट सिंधू संस्कृतीकडे जावंसं का वाटलं असेल? इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला आधी आपल्या बायकोबद्दल बोलावंसं वाटलं. आणि पुस्तक अर्पण केलं ते किल्ल्यातल्या सोबत्यांना, ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ असा बंदिवासाचा काळ नमूद करून.

त्याच किल्ल्यात मौलाना आझाद पत्रं लिहीत होते. ज्यांना लिहीत होते ते हबीबुर रहमान खान शेरवानी दूर अलीगडकडे होते आणि पत्रं त्यांच्यापर्यंत पोचण्याची काही सोय नव्हती. पत्रव्यवहारावर बंधनं होती. तरी आझाद पहाटे उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचे, पहिला घोट घेऊन मित्राला लिहायला बसायचे. ती पत्रं जमत राहिली आणि सुटकेनंतर १९४६ मध्ये ‘गुबारे खातिर’ या नावाने छापून आली.

त्यातल्या चिमण्यांच्या गोष्टीवर माझा फार जीव आहे. खोलीत चिमण्यांनी घरटी केली, काडीकचरा खाली पडायला लागला. आझादांनी आधी त्यांना हाकलायला युद्धच पुकारलं. युद्धात हार झाली, मग तह. रोज तांदळाचे दाणे टाकायचे, दर दिवशी थोडे जवळ. होता होता चिमण्या तळहातावर येऊन दाणे टिपायला लागल्या. धीट चिमणीला कलंदर, सतत बडबडणाऱ्याला मुल्ला, अशी त्यांची नावं पडली. बाहेर महायुद्ध चाललं होतं, देश पेटला होता, आणि काँग्रेसचा अध्यक्ष मित्राला कळवत होता की आज कोण किती जवळ आलं. अशा तपशिलाला इतिहासात जागा नसते. मित्राला लिहिलेल्या पत्रात असते.

१९४३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम गेल्या. त्या आजारी असल्याचं कळत होतं. सरकारकडे अर्ज करून भेटीची सवलत मागायची, हे आझादांनी केलं नाही. बातमी आल्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी जे पत्र लिहिलं, तेही त्याच मित्राला. त्यात ते सांगतात की बाहेरून दिनक्रम जराही हलू दिला नाही, ठरल्या वेळी जेवणाच्या टेबलाशी जात राहिलो, आणि आत काय चाललं होतं तेही सांगतात. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कोणाची कोण जाणे. ती पाहिली की दूरची ती दुसरी कबर डोळ्यांसमोर येते, असंही लिहितात. पत्नीबद्दल इतक्या वर्षांत उघडपणे न बोललेला माणूस न पोचणाऱ्या पत्रात बोलला. पत्र पोचणार नव्हतं हे त्यांना माहीत होतं, तरी ते कागदावर निव्वळ स्वतःशी बोलू शकले नाहीत. वर मित्राचं नाव लागलंच. ते नाव नसतं तर ही वाक्यं लिहिली गेली असती का, याचा मी अनेकदा विचार करते.

आणि ऐकणारा समोर हवा हे तर आमच्या जिल्ह्याला सातशे वर्षांपासून माहीत आहे. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली असं मानतात, तो अजून तिथे उभा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ती सांगून पुरी झाली. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. ज्ञानेश्वर वारंवार श्रोत्यांकडे वळतात, त्यांचं अवधान मागतात, निवृत्तिनाथांच्या चरणांशी जातात आणि पुन्हा अर्थाकडे येतात. दुर्गाबाई भागवतांनी या खांबावर लिहिलं आणि त्या लेखाचंच ‘पैस’ हे नाव पुस्तकाला दिलं. मी नेवाशाला गेले की खांबापेक्षा माझं लक्ष त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेकडे जातं. तिथे कोण बसलं असेल? कोणी गुराखी, कोणी गावातली बाई, प्रवरेवरून पाणी घेऊन येताना टेकलेली? त्यांची नावं राहिली नाहीत. पण त्यांच्यासाठी ते मराठीत झालं.

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. दळायला दोघी लागतात. खुंटा एकच, दोघींचे हात त्यावर, समोरासमोर बसलेल्या. एकीने ओवी धरली की दुसरी ती उचलते. माहेरची वाट, भाऊ, आईची पाठवणी, सासूचा बोल, सगळं त्या फिरत्या दगडाच्या दोन बाजूंना बसून एकमेकींना सांगितलं जाई. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढं धन बायकांनी कोणाच्या शाबासकीसाठी रचलं नव्हतं. माझ्या आजीला मात्र पुढे पुढे ओव्या सांगता येत नसत. "जात्याबिगर येत नाही बाई," म्हणायची. गावात पिठाची गिरणी आली होती. सगळे म्हणत, म्हातारीला आता आठवत नाही. मला वाटतं, तिला आठवत सगळं होतं. समोरची बाई उठून गेली होती.

पलीकडचं माणूस बोलत नसेल तर? आमच्या नगरजवळ दौंड रस्त्याला अरणगाव आहे, तिथे मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. बाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरलं ते १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत, नंतर तीही सोडली, नुसत्या खुणा. समाधीच्या आत भिंतींवर चित्रं आहेत. ती १९३८ साली, बाबा हयात असतानाच, हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने काढली. तेव्हा तिचं वय साठीच्या घरात होतं. आपला देश, आपलं घर सोडून ती या कोरड्या, उन्हाने भाजणाऱ्या माळावर आली आणि तिथे तिने भिंत रंगवायला घेतली, तीही एक शब्दही न बोलणाऱ्या माणसासाठी. पुढे तब्येत ढासळली, ती मायदेशी परतली. तिथे १९५४ मध्ये झुरिच शहराचा कलापुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. मला तो पुरस्कार फारसा मोठा वाटत नाही. मी त्या दारातून आत डोकावते तेव्हा मनात येतं, शिडीवर चढून, मान वर करून रंग लावताना ती काय ऐकत असेल. माळावरचा वारा तर नक्की असणार. अरणगावला तो दुपारभर थांबत नाही.

नातं इतकं घट्ट असेल तर पलीकडून उत्तर यायलाच हवं असं नाही, हे तिथे मला पटतं. आझादांनाही उत्तर येत नव्हतं. पण त्यांना आणि हेलेनला, दोघांनाही माहीत होतं की आपण कोणाकडे तोंड करून बसलो आहोत.

या सगळ्याचा विचार मी उगाच करत नाही. आईचं वय झालं आहे. तिच्याकडून काही लिहून घ्यावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. वही घेऊन बसले आणि "तुझ्या लहानपणचं सांग" म्हटलं की ती म्हणायची, "त्यात काय सांगायचं? सगळ्यांचं असतं तसंच." बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं तर दोन वाक्यं. खडी फोडायला गेलो, मिलोची भाकरी खाल्ली. संपलं. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, हे मलाच वेगळं विचारून घ्यावं लागलं. मी प्रश्न लिहून नेत होते, ती उत्तरं देत होती, आणि आमच्या दोघींच्या मध्ये ती वही एखाद्या सरकारी फॉर्मसारखी पडलेली असायची.

मग मी प्रश्न सोडले आणि दुपारी तिला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवायला लागले. डोळे अधू झाल्यामुळे तिला हल्ली वाचवत नाही. वडील मीठ धुऊन घेतात तिथे मी आले आणि आई जी हसायला लागली ती थांबेचना. हसून झाल्यावर म्हणाली, "आमच्याकडंबी एक होती अशी. माझी चुलत आजी. गाईची धार काढायच्या आधी ती गाईचे खूर धुवायची." आणि तिथून ती सुरू झाली. लक्ष्मीबाई बाजूला राहिल्या. ती माझ्याशी बोलत नव्हती, असं मला मध्येच वाटून गेलं. पुस्तकातल्या त्या बाईला ती सांगत होती, तुझ्याकडे असं होतं ना, मग आता आमचं ऐक.

खुरांवरून गाय, गाईवरून दुष्काळ. बहात्तरला कडबा संपला, पाणी संपलं, आणि आजोबांनी गाय घोडेगावच्या बाजाराला न्यायची ठरवली. तांबडी गाय, कपाळावर चांदणी. घरातून निघताना आजीने तिच्या पायावर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं, आणि आत जाऊन चुलीपाशी बसली, बाहेर आलीच नाही. आई तेव्हा पोरसवदा होती, ती गाडीमागून वेशीपर्यंत पळत गेली. हे तिने मला आजवर कधीही सांगितलं नव्हतं. मी वही उघडली नाही. ऐकत राहिले, आणि रात्री सगळे झोपल्यावर जमेल तसं लिहून काढलं.

दुसऱ्या दिवशी मी पुढचं पान वाचायच्या आत आईनेच विषय काढला. या वेळी गाय पांढरी होती, आणि आजी चुलीपाशी बसली नव्हती, वेशीपर्यंत चालत गेली होती. आई घरी होती, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. मी अडवलं नाही. काल सांगितलं ते खोटं होतं असं तिच्या आवाजात कुठेच नव्हतं, आणि आज सांगते तेही तिने तितक्याच खात्रीने सांगितलं. हे दोन्ही मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलंय. कोणतं ठेवायचं आणि कोणतं उसवायचं, मला ठरवता येत नाही. कदाचित एकात आईने आजीचं दुःख पाहिलं असेल आणि दुसऱ्यात तिचं स्वतःचं. कदाचित त्या दुष्काळात दोन गाई विकल्या गेल्या असतील.

शेवटी थोरल्या मावशीला फोन लावला. ती संगमनेरला असते, ऐंशीच्या पुढे आहे, पण आवाज खणखणीत. मी विचारलं, "मावशी, बहात्तरला घोडेगावला नेलेली गाय कोणत्या रंगाची होती गं?"

पलीकडे क्षणभर काही नाही. मग म्हणाली, "गाय? कोण म्हणतं गाय? म्हैस होती ती. आणि माझी होती, मला आंदण द्यायची ठरलेली. तुझ्या आईला काय ठाऊक, ती तेव्हा एवढीशी! थांब, हे फोनवर व्हायचं नाही. रविवारी येते मी तिकडं. आईला सांग, आणि तू पण घरी रहा."